लाल जिभांचा खुलासा

प्रिय दादा,

तुझा निरोप पोचला. वहिनी सोमवारी येऊन गेली. बसली नाही, पाणी घेतलं नाही, चप्पलसुद्धा काढली नाही. दारातच उभं राहून तिनं पाठ केलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं, शाळेत कविता म्हणायला उभं केलेल्या मुलीसारखं. पोरं जमवून फळांच्या बर्फकांड्या करायचा उद्योग मी बंद करायचा, नाहीतर मला भाऊ नाही असं समजायचं. मी म्हणे शाळेत तक्रार करून तुझ्या कारखान्याची कांड्यांची गाडी फाटकावरून हाकलली आणि घरातली गोष्ट चव्हाट्यावर मांडली. आणखी एक वाक्य तिच्या ओठांवर आलं होतं, ते तिनं गिळलं. दादा, मी बंद करणार नाही. हे पहिल्याच परिच्छेदात लिहून टाकते, म्हणजे शेवटी काय लिहिलंय या काळजीनं तुझा चहा गार व्हायला नको.

फोन का केला नाही, असं तू विचारशील. फोनवर तू मध्येच तोडतोस, मग मला रडू येतं, आणि मी रडले की तुला वाटतं तू जिंकलास. लहानपणापासूनचा हिशेब आहे हा. कागदावर मला कुणी मध्ये तोडत नाही. तेव्हा खुर्चीत नीट बस, चष्मा लाव आणि सगळं वाच. वहिनीला वाचायला लावून आपण मान हलवत बसू नकोस.

हे सुरू कसं झालं ते तुला कधी धड सांगितलं नाही, कारण तू कधी विचारलं नाहीस. समोरच्या घरात नर्स राहते ना, तिची पाळी सकाळची असते आणि मुलांची शाळा दुपारची. सकाळचा वेळ तिची दोघं माझ्याकडे. थोरली शहाणी, पण बोलायला लागली की थांबत नाही. धाकटा टिल्लू गप्प असतो, पण तो गप्प असला की समजायचं, कशाचं तरी वाटोळं चाललंय. खालच्या मजल्यावरचा एक मुलगा त्यांच्यामागून आला. त्याला आम्ही वकील म्हणतो, कारण त्याला पाणी पी म्हटलं तरी तो का म्हणून विचारतो. आता ही तीन पोरं माझ्या शिवणाच्या खोलीत सकाळभर काय करणार? टिल्लूनं एकदा एका गिऱ्हाइकाच्या पडद्याचे हातरुमालाएवढे तुकडे पाडले. त्याला वाटलं, आत्या कापते तसं आपणही कापावं. त्या दिवशी कात्री मी कपाटावर टाकली आणि म्हटलं, यांच्या हातांना दुसरं काहीतरी काम दिलं पाहिजे.

टोपलीत केळी होती, पार काळी पडलेली, फेकायच्या लायकीची. मी फेकायला उचलली तर वकिलानं विचारलं, का? मी म्हटलं, खराब झाली. त्यानं सोलून बघितलं, आत चांगली होती. मग आम्ही ती कुस्करली, त्यात दही घातलं, वाट्यांत भरली, मध्ये चमचे उभे केले आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवली. बास, एवढंच. तुझ्याविरुद्ध कट वगैरे काही शिजला नव्हता. काळ्या केळ्यांपासून कुणी कट शिजवत नाही.

आणि पहिल्याच दिवशी फजिती. चमचे आडवे पडले, वाट्या काठोकाठ भरलेल्या, त्यामुळे सगळं फुगून बाहेर आलं आणि कप्प्याच्या बर्फाला चिकटलं. कांडीवाल्याच्या मुलीला एवढं कळू नये! कारखान्यात साच्याला वर बोटभर जागा सोडतात, हे मी चालायला लागले तेव्हापासून पाहिलंय, आणि माझ्या स्वतःच्या हातानं मी काठोकाठ भरलं. मुलं पोट धरून हसली. मग आम्ही शिकत गेलो. नर्सनं औषधाच्या दुकानातून घसा तपासायच्या लाकडी पट्ट्यांचा पुडा आणून दिला. विकत आणलाय, दवाखान्यातून उचललेला नाही, हे तिनं दोनदा सांगितलं. पट्ट्या सरळ उभ्या राहाव्यात म्हणून मी कापडाच्या ताग्यातला पुठ्ठा घेतला, त्याला काजं पाडतात तशा चिरा पाडल्या आणि तो पेल्यांवर झाकणासारखा ठेवला. कांड्या सुटेनात तर पेले कोमट पाण्यात धरायचे, हे थोरलीनं शोधून काढलं. माझ्या आधी तिनं शोधलं, हे मी मोठ्या मनानं कबूल केलं आणि ती आठवडाभर मला तेच ऐकवत होती.

साखर आम्ही घालत नाही. फळ पिकलेलं हवं, एवढंच बघायचं. पपई असेल तर थोडं संत्रं, कलिंगड असेल तर द्राक्षं, आंबट काही असेल तर भिजवलेला खजूर वाटून. टिल्लू हातानं कुस्करतो, वकील बिया काढतो आणि प्रत्येक बीवर वाद घालतो, थोरली चव बघते. बाहेर चाखताना झकास गोड लागलेलं गोठल्यावर सपक का लागतं, असं तिनं विचारलं तेव्हा माझ्या तोंडून आपोआप निघालं, "गार झालं की गोडी झोपते." म्हणून आधी थोडं जास्तच गोड हवं. बोलून झाल्यावर मला कळलं की हा आवाज माझा नव्हता, बाबांचा होता.

तुला आठवतात बाबांची बोटं? कितीही घासली तरी नखांच्या कडेला लाल-पिवळं राहायचं. कांड्या गोठवायची ती मिठाच्या पाण्याची लांबलचक टाकी, त्यात रांगेनं उभे पत्र्याचे साचे, वरच्या फळीवर इसेन्सच्या बाटल्या. शाळेतली पोरं आपल्याला किती नशीबवान समजायची! घरचा कांड्यांचा कारखाना म्हणजे काय थट्टा आहे? आणि आपण दोघं त्यांना सांगायचो नाही की आपल्याला त्यातली एकही कांडी खायला मिळत नाही. "ते विकायचं आहे, खायचं नाही." बाबांचं हे वाक्य दगडावरची रेघ होती. तू एकदा चोरून पिवळी कांडी चोखलीस तर त्यांनी तुला मारलं नाही, ओरडले नाहीत, नुसती तुझी जीभ फडक्यानं पुसत बसले. मला त्या पुसण्याची भीती वाटली होती, मारण्याची वाटली नसती.

पण रविवारी टाकी धुवायची असायची. पाणी सोडायच्या आधी बाबा दोन पोचे आलेले साचे काढायचे, जे विक्रीला चालत नव्हते. त्यात आंबा नाहीतर संत्रं पिळून, तुझी एक आणि माझी एक. रंग नाही, इसेन्स नाही, काही नाही. तुझी कांडी नेहमी वाकडी यायची, कारण तुझ्या साच्याला पोचा जास्त होता, आणि तू भांडायचास की बुटकीला मोठी दिली. दादा, तू म्हणतोस मी बाबांचं नाव घालवलं. कुठल्या बाबांचं? सोमवार ते शनिवारच्या की रविवारच्या? मी रविवारच्या बाबांचं काम करते. बाबा वाईट होते असं मी म्हणत नाही. घर चालवायचं होतं, लोकांना लालभडक हवं होतं, त्यांनी लालभडक दिलं. पण आपल्या पोरांना काय द्यायचं हे त्यांना बरोबर माहीत होतं.

तुलाही माहीत आहे. मुंगी तुझी नात, तुझ्या काळजाचा तुकडा, गोडाचा वास जिथे येईल तिथे हजर होते म्हणून तूच तिला मुंगी नाव ठेवलंस. ती माझ्याकडे दर रविवारी यायची ती कुणाबरोबर? तूच तिला गल्लीच्या तोंडाशी स्कूटरवरून उतरवायचास आणि तिथूनच वळायचास. वर यायला तुझा अहंकार आड यायचा, पण नात पाठवायला आड येत नव्हता. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी ही जुनी खोड. आणि मी डोळ्यांनी पाहिलंय, बाजारात आपली गाडी समोरून आली की तू तिचा हात धरून रस्ता ओलांडतोस. "आजोबा, लाल हवी," म्हणून ती ओढत असते आणि तू म्हणतोस, खोकला होईल. लोकांच्या पोरांना खोकला होत नाही का रे? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं!

आता लाल जिभांकडे येते, कारण खरा राग तुला त्याचाच आहे. लाल कांडी हवी हा हट्ट मुंगीचा. तुझ्या गाडीवरची मिळत नाही, मग आत्याआजी, तू तरी कर. वकिलानं विचारलं, फळ कुठलं इतकं लाल असतं? कलिंगड गोठलं की फिकं गुलाबी होतं, ते आमच्या मुंगीबाईंना पसंत पडेना. तेव्हा मी एक बीट उकडलं, किसलं, कलिंगडाच्या रसात पिळलं. असा रंग आला म्हणून सांगू! बिटाचा मातकट वास जाईना म्हणून थोरलीनं वर लिंबू आणि आलं पिळायला लावलं. मुलं वेडी झाली. दोन दिवसांनी थोरलीचा वाढदिवस होता. वर्गात वाटायला गोळ्या-चॉकलेटं नको, ह्याच कांड्या न्यायच्या, असं तिनं जाहीर केलं. मी झाकणाच्या बादलीत बर्फ आणि मीठ घालून, मध्ये डबा ठेवून दिला. थेट बाबांच्या टाकीची पद्धत, फक्त बादलीएवढी.

पुढचं मला मुंगीनं सांगितलं. ती थोरलीच्याच वर्गात, शाळा सुटल्यावर तिच्याबरोबर रडत रडत माझ्याकडे आली. वर्गातल्या बाई कुठल्याशा कामाला गेल्या होत्या. मुलांनी कांड्या वाटल्या, खाल्ल्या, आणि नेमक्या मुख्याध्यापिका फेरीवर आल्या. बघतात तर अख्ख्या वर्गाच्या जिभा, दात, हनुवट्या, शर्टांच्या कॉलरी लालेलाल. त्यांनी तुझ्या गाडीवाल्याला शाळेच्या वेळात फाटकावर उभं राहू नको म्हणून आधीच बजावलं होतं. "लाल कांडी कुणी कुणी खाल्ली?" त्यांनी विचारलं, आणि सगळ्या वर्गानं प्रामाणिकपणे हात वर केला. कुठली, कुणाची, कुणी केली, हे त्यांनी विचारलंच नाही आणि मुलांनी आपण होऊन सांगितलं नाही, कारण मुख्याध्यापिकांपुढे मुलं विचारलं तेवढंच सांगतात. त्या तडक फाटकावर गेल्या आणि तुझ्या गाडीवाल्याला हाकलून दिलं. बिचारा त्या दिवशी शाळा सुटायची वेळ झाली म्हणून नुकताच येऊन उभा राहिला होता, एक कांडीसुद्धा विकली नव्हती. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. खिडकीतून मुंगीनं आपल्या घरची गाडी परत जाताना पाहिली आणि तिला वाटलं की हे तिच्यामुळे झालं.

मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेले ते यासाठी. तक्रार करायला नाही, तुझी गाडी परत आणायला. हातातलं शिवण टाकून गेले, एका बाईचा कोट द्यायचा राहिला आणि तिची बोलणी खाल्ली. सोबत पुरावा म्हणून थर्मासात एक कांडी घेतली, कारण नुसतं सांगितलं तर कोण विश्वास ठेवतं? मुख्याध्यापिका कडक आहेत. म्हणाल्या, बिटाचा रंग असा येतो होय? मी म्हटलं, खाऊन बघा. त्यांनी अगदी टोकाला चाटली, मग जरा खाल्ली, मग बोलता बोलता सगळी संपवली. तेवढ्यात कुणीतरी पालक भेटायला आले आणि त्यांच्याशी त्या लालभडक जिभेनं शिस्तीवर बोलल्या. मी खाली मान घालून हसू दाबत बसले होते. पालक गेल्यावर त्यांना आरसा दाखवला, तेव्हा त्या इतक्या हसल्या की बाहेरून शिपाई डोकावला. गाडीवाल्याची चूक नव्हती, हे त्यांनी मान्य केलं. त्याला पहिल्यासारखं शाळा सुटल्यावर उभं राहता येईल, असं त्यांनी माझ्यासमोर शिपायाला सांगितलं. हे शिपायानं तुला सांगितलं का? नसेलच सांगितलं. त्यानं त्यापुढचं तेवढं सांगितलं.

पुढचं असं, की त्यांनी मला विचारलं, मग गाडीवरच्या लाल कांडीत काय असतं? मी म्हटलं, रंग असतो. परवानगीचा, डब्यावर छाप असलेला, पण रंगच. त्यांनी विचारलं, तुमच्याच वडलांचा कारखाना, तुम्ही लहानपणी पुष्कळ खाल्ल्या असतील? मी म्हटलं, बाबा आम्हाला खाऊ देत नसत. झालं. एवढंच मी बोलले आणि एवढ्यावरून तू मला घर फोडणारी ठरवलीस. मी काय बोलायला हवं होतं? की हो, आम्ही दोघं भावंडं त्याच कांड्यांवर वाढलो? शाळेच्या खोलीत बसून, मुलांच्या बाबतीत, खोटं? मला जमलं नाही, आणि उद्या पुन्हा विचारलं तर पुन्हा जमणार नाही. ते चव्हाट्यावर मांडणं असेल तर असू दे. ज्या गोष्टीची चव्हाट्यावर लाज वाटते, ती घरात तरी कशी काय बरी वाटते, हे तूच मला समजावून सांग.

तुझं म्हणणं मला तोंडपाठ आहे. कारखान्यावर माणसं आहेत, त्यांची घरं आहेत, फळं परवडत नाहीत, रंगाशिवाय खपत नाही. मला सगळं कळतं. तुझा धंदा बुडावा असं मला वाटलं असतं तर मी त्या दिवशी घरात स्वस्थ कोट शिवत बसले असते, गाडी आपोआप गेलीच होती. कारखाना बंद कर असं मी तुला कधी म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. मग तू मला माझं स्वयंपाकघर बंद कर असं कुठल्या तोंडानं म्हणतोस? एका शिंपिणीच्या ओट्यावर पोरं फळं कुस्करतात आणि त्यानं कांड्यांचा अख्खा कारखाना हादरतो? तसं असेल तर दोष ओट्याचा नाही.

आता ते गिळलेलं वाक्य. वहिनीनं ते उंबऱ्यात गिळलं, पण जिन्यात तिला ते पेललं नाही. ती दोन पायऱ्या उतरली, थांबली, आणि माझ्याकडे न बघता बोलली. तू म्हणालास, हिला स्वतःची पोरं नाहीत म्हणून लोकांची गोळा करते. बोलून ती रडली. मी रडले नाही, हे तुला मुद्दाम कळवते. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. इतक्या वर्षांत हे मला शेजारपाजारनं ऐकवलं, गिऱ्हाइकांनी मापं देता देता ऐकवलं, पण आपल्या घरातून पहिल्यांदा आलं. मग मी आत आले आणि बसून नीट विचार केला, आणि मला दिसलं की वाक्य खोटं नाही. हो, मला मुलं नाहीत. हो, मी लोकांची गोळा करते. ती हात बरबटून माझ्या ओट्याभोवती उभी राहतात, भांडतात, जमिनीवर पपई सांडतात, आणि मला त्यात आनंद होतो. यात लाजण्यासारखं काय आहे ते मला पुष्कळ शोधूनही सापडलं नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, तसा तू बोललास, पण मी तुझ्या बोलण्यानं अर्धी होणार नाही. ज्यांना स्वतःची मुलं असतात त्यांनाच मुलांचं कळतं, असं असतं तर मुंगी रविवारी खिडकीत बसून राहिली नसती. वहिनीनं तेही सांगितलं.

हो, रविवार. गेल्या रविवारी तू तिला पाठवलं नाहीस. मुलांनी तिच्या वाटची द्राक्षं बाजूला काढून ठेवली. टिल्लूनं ती कुणाला खाऊ दिली नाहीत आणि स्वतःही खाल्ली नाहीत, आणि हे टिल्लूच्या बाबतीत म्हणजे मोठंच झालं. माझ्याशी बोलू नकोस, माझ्या दारावरून तोंड फिरवून जा, हवं तर लोकांना सांग की बहीण वेडी झाली. पण त्या पोरीला तिच्या मित्रांपासून तोडू नकोस. गाडी तिच्यामुळे गेली, असं तिच्या डोक्यात बसलंय, आणि आता तू तिला घरात ठेवलंस की तिला वाटणार, आपल्याला शिक्षा झाली. तू इतका कठोर नाहीस. मी तुला चांगलं ओळखते.

दादा, हे सगळं मी तुला पुढेमागे कधीतरी भेटीत सांगितलं असतं. पत्राला बसले ते दुसऱ्या कारणानं. शाळेच्या खेळांच्या दिवशी मुलांना कांड्या वाटतात, त्या बाबांच्या काळापासून आपल्या कारखान्यातून जातात. काल मुख्याध्यापिका स्वतः माझे जिने चढून आल्या. ओट्यावर चाललेला गोंधळ त्यांनी उभ्या राहून बघितला आणि म्हणाल्या, यंदा मुलांच्या कांड्या मुलांनीच कराव्यात असं मला वाटतं, तुम्ही जबाबदारी घ्याल का? मी हो म्हटलं. त्यांना विचार करून सांगते म्हटलं नाही, भावाला विचारून सांगते असंही म्हटलं नाही. त्या क्षणी तुझा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर होता, तरीही हो म्हटलं. तुला हे गाडीवाल्याकडून, शिपायाकडून किंवा वहिनीकडून कळू नये, माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. बर्फ पुष्कळ लागेल, तो मी मासेवाल्याकडून आणीन, धुऊन घेईन, पण तुझ्याकडे मागायला येणार नाही. यावर तुला नातं तोडायचं असेल तर तोड, पण निरोप पाठवून तोडू नकोस. स्वतः जिना चढ, माझ्यासमोर उभा राहा आणि माझ्या तोंडावर सांग की तुला बहीण नाही. मुलं असतील, त्यांच्यासमोर सांग. फक्त आत येताना हात धुवावे लागतील, कोपरापर्यंत, साबणानं. दारात टिल्लू उभा असतो आणि तो कुणालाही सोडत नाही.

तुझीच,
तुझं न ऐकणारी, पण तुझी वाट बघणारी
बुटकी